प्रौढ विद्यार्थ्याने कोणास विचारावे?

जून उजाडला की महाविद्यालयांच्या फाटकांशी उसळणाऱ्या गर्दीची छायाचित्रे छापण्यात कोणतेही वृत्तपत्र मागे राहत नाही. आम्हीही राहत नाही. परंतु त्याच दिवसांत या शहरात आणखी एक रांग लागलेली असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दिवसपाळी संपवून, रिकामा डबा पिशवीत टाकून, एखाद्या शिकवणी-वर्गाचा जिना चढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसांची ती रांग. तीत औषधांच्या दुकानातला मदतनीस असतो, बढती अडलेला कारकून असतो, लग्नामुळे शाळा सुटलेली आणि आता मुले मोठी झाल्यावर पुन्हा वही घेऊन बसू पाहणारी गृहिणी असते. मी आता काय शिकू, आणि ते शिकून माझ्या हाती काय पडेल, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. जिन्याच्या वरच्या पायरीवर हसतमुखाने बसलेली जी व्यक्ती त्याचे उत्तर देते, तिचे वेतन त्या महिन्यात किती प्रवेश झाले यावर बहुधा ठरत असते. तिच्या मेजावरील पाटीवर मात्र ‘समुपदेशक’ असे लिहिलेले असते!

दुकानदाराने आपला माल उत्तम आहे असे म्हणावे, यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो अन्यत्र विचारण्याची सोयच न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. प्रौढांच्या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे काही कालची नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या गिरणगावात रात्रीचे वर्ग आणि वाचनालये चालविली. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ उभे राहिले. शिकविण्याची सोय अशी पिढ्यानपिढ्या वाढत गेली. सल्ल्याची सोय मात्र शाळकरी मुलांपुरतीच राहिली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत व्यवसाय-मार्गदर्शनाचा आग्रह धरला, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तो पुढे नेला, आणि दहावीच्या उंबरठ्यावरील मुलासाठी कल-चाचण्या, व्याख्याने व पुस्तिका यांचा सुकाळ झाला. चाळिशीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्याचा कल कोणी तपासावा?

‘प्रौढ माणूस जाणता असतो, त्याला सल्ला कशाला?’ असे विचारणारे भेटतात. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही; जगाचे टक्केटोणपे त्याने पुरेसे खाल्लेले असतात. परंतु कोणत्या पदविकेस कोणाची मान्यता आहे, ती कोणत्या पदासाठी चालते आणि कोणत्यासाठी चालत नाही, हे ज्ञान टक्केटोणप्यांनी मिळत नाही. शिवाय चुकीची किंमत दोघांना सारखी पडत नाही. अठरा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष वाया गेले तर घरात आठ दिवस बोलणी होतात. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खुल्या वर्गासाठी २०१६ मध्ये वयोमर्यादा ३८ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. पस्तिसाव्या वर्षी भलत्याच अभ्यासक्रमात दोन वर्षे घालविणाऱ्यास त्या वाढीचा उपयोग किती उरला, याचा हिशेब वाचकांनीच करावा. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेले शुल्क आणि मुलांच्या वाट्याच्या संध्याकाळी हा खर्च तर त्यात धरलेलाच नाही.

हे भय काल्पनिक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी, चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांसंबंधी निर्णय दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. ज्या वादातून हे प्रकरण न्यायालयात गेले तो वाद नोकरीत राहून पदवी मिळविलेल्यांच्या बढतीचाच होता. न्यायालयाने नियमावर बोट ठेवले ते योग्यच केले; अभियांत्रिकीसारखी विद्या पत्राद्वारे येत नाही हे कोणीही मान्य करील. परंतु शुल्क भरण्यापूर्वी, एका संध्याकाळी, कोणा निःस्वार्थी जाणकाराने या विद्यार्थ्यांस सांगितले असते की या शिक्षणक्रमास आवश्यक ती परवानगी दिसत नाही, तर कितीजणांची दहा-बारा वर्षांनंतरची ती नामुष्की टळली असती!

सल्ला म्हणजे केवळ धोक्याची सूचनाही नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि ज्यांच्या बोटांना मागाची नाडी कळत होती अशा कित्येक कामगारांवर पहारेकऱ्याची काठी हाती घेण्याची वा पदपथावर भाजी विकण्याची पाळी आली. तुम्हांला काय येते, असे त्यांना विचारणाराच कोणी नव्हता. प्रौढाच्या सल्लागाराचे पहिले काम हे विचारण्याचे आहे. आज त्यासाठी साधने नाहीत असे नाही. कामातून शिकलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची योजना आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवासही श्रेयांक देण्याची वाट मोकळी केली. शाळा सुटलेल्यास सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसता येते. यांतले काय आपल्या उपयोगाचे, हे त्या मदतनिसास अथवा त्या गृहिणीस घरबसल्या उमगावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे पोहता येत नसलेल्यास नदीचा नकाशा देण्यासारखे आहे.

शासनाची रोजगार मार्गदर्शन केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. ती कचेरीच्या वेळात उघडी असतात. २०२० च्या फेब्रुवारीअखेरपासून शासकीय कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला, तेव्हा शनिवारही गेला. म्हणजे नोकरी सुधारण्याचा सल्ला घेण्यासाठी आधी नोकरीवर खाडा करावयाचा! रोजंदारीवरील माणसास एका खाड्याचे मोल किती, हे पगारी रजा असणाऱ्या आपणांस सहजासहजी कळणार नाही.

आमची सूचना साधी आहे. या केंद्रांतील एकदोन अधिकारी सायंकाळी सात ते नऊ या वेळात, आणि स्त्रियांच्या सोयीसाठी रविवारी दुपारी, शहरातील रात्रशाळांत व सार्वजनिक ग्रंथालयांत बसवावेत. कोणत्याही वर्गाशी, संस्थेशी वा शुल्काशी त्यांचा संबंध नसावा. दिलेला सल्ला त्यांनी सही करून लेखी द्यावा, म्हणजे सांगणारा जपून सांगेल आणि ऐकणाऱ्यास घरी जाऊन विचार करता येईल. शिक्षणास वेळ योग्य नाही, सध्या थांबा, असे सांगण्याचे धैर्यही त्यांच्या अंगी हवे. खाजगी वर्गांनी मान्यतेचा आदेश क्रमांक व प्रवेशाची पात्रता जिन्याच्या पहिल्याच पायरीवर ठळक मराठीत लावावी, अशी सक्ती करण्यास तर नवी पदे निर्माण करावी लागणार नाहीत. मंत्रालयातून परिपत्रक निघण्यास लागेल तेवढाच वेळ, आणि प्रवेशाचे हे दिवस सरण्यापूर्वी ते निघू शकते.