उंची वाढवणारं इंजेक्शन: गरज कोणाला, धोका कोणाला?

लिओनेल मेस्सीच्या गोष्टीत हे इंजेक्शन हमखास येतं. अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या या मुलाला ग्रोथ हार्मोन कमी असल्याचं निदान झालं. रोज रात्री पायात सुई टोचावी लागायची, पुढे खर्च बार्सिलोना क्लबने उचलला. गोष्ट खरी आहे. पण मेस्सी नुसता बुटका नव्हता, त्याच्या शरीरात हार्मोनच अपुरं होतं. शेअर करताना नेमकं हेच सुटतं.

१९८५ पर्यंत हे औषध मृत व्यक्तींच्या पिट्यूटरी ग्रंथींमधून काढलं जायचं. त्यातून काही रुग्णांना क्रॉइट्झफेल्ट-जेकब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला. अमेरिकेने त्या वर्षी ते थांबवलं आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेल्या हार्मोनला मंजुरी दिली. तो धोका टळला, शिवाय औषध हवं तेवढं बनू लागलं. मग ते द्यायचं कोणाला, हा प्रश्न आला. २००३ मध्ये तिथल्या एफडीएने कुठलाही आजार न सापडलेल्या, पण फारच बुटक्या मुलांनाही ते देण्याची परवानगी दिली. अशा मुलांची अंतिम उंची वर्षानुवर्षं सुया घेऊन सरासरी ४ ते ६ सेंटिमीटर वाढते. आता आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत. सुया कमी झाल्या, हिशेब तोच.

बहुतेक मुलांना त्रास किरकोळ होतो: सुईच्या जागी दुखणं, डोकेदुखी. पण डोकेदुखीसोबत उलट्या किंवा अंधुक दिसणं सुरू झालं तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. मूल लंगडायला लागलं, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणालं, तर खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं. दोन्ही वेळा डॉक्टरांना लगेच गाठायचं. रक्तातली साखर, थायरॉइड आणि पाठीच्या कण्याचा बाक यांवरही लक्ष ठेवावं लागतं. कॅन्सर सुरू असेल तर हे औषध देत नाहीत. प्रॅडर-विली सिंड्रोम असलेल्या, अतिस्थूल किंवा श्वासाचा त्रास असलेल्या मुलांचे उपचारादरम्यान मृत्यू झाले आहेत.

उंची न वाढण्यामागे अनेकदा थायरॉइड, गव्हाची ॲलर्जी समजला जाणारा सिलिॲक आजार किंवा कुपोषण असतं; तिथे उपचार वेगळेच. म्हणून आधी रक्ततपासणी आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे. हाडांची वाढीची टोकं एकदा जुळली की हे इंजेक्शनही उंची वाढवू शकत नाही, मग जाहिरातीतली पावडर काय वाढवणार?