नवा भागीदार घेताना : दुकान पाहावे की दानत?

चकलांब्याचा कापड-दुकानदार क्रिकेटच्या बोलीवर लिहितो म्हटल्यावर वाचक हसतील. पण हा विषय खेळाचा कमी आणि तिजारतीचा जास्त आहे. जमलेल्या मंडळात नवा माणूस कोण घ्यावा, हा प्रश्न आपल्या पेढीवरही येतोच.

२०१० साली आयपीएलचे आठ संघ दहा करण्याचे ठरले. पुणे सहाराने ३७ कोटी डॉलरला घेतले, कोची सुमारे ३३ कोटींना गेले. दोनच वर्षांपूर्वी सर्वांत महाग संघ मुंबईचा, तो सव्वाअकरा कोटींच्या आत गेला होता. नव्यांनी तिप्पट मोजले. मंडळ खूश! पण कोचीची बँक हमी आली नाही आणि एका हंगामातच करार रद्द झाला. पुण्याचा संघ फीच्या वादात तीन हंगामांनी, २०१३ साली संपला. २०१४ ला संघ पुन्हा आठच. २०२१ साली लखनौ ७,०९० कोटी रुपयांना आणि अहमदाबाद ५,६२५ कोटींना गेले. ते संघ टिकले. म्हणजे मोठी बोली वाईट नाही. बोलीमागे ऐपत हवी.

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल संघांची मंडळे असतात. पॅसिफिक किनाऱ्यावरचे एक मंडळ १९१५ पासूनचे, बारा सभासदांचे. टीव्हीच्या पैशासाठी एकेक जण फुटला आणि २०२४ च्या हंगामात दोनच उरले. त्यांतले स्टॅनफर्ड तर थेट अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात गेले. आता सामन्यासाठी अख्खा देश ओलांडावा लागतो. मिळकत मोजली, वाहतूक कोणी मोजली? उरलेल्या दोघांनी मात्र हाय खाल्ली नाही. मंडळाच्या मान्यतेला फुटबॉलचे आठ संघ लागतात, म्हणून त्यांनी बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट अशी बहुतेक पश्चिमेकडचीच विद्यापीठे निवडली.

आमचीही कथा निराळी नाही. आम्ही सहा दुकानदार इचलकरंजी-मालेगावचा माल एकत्र उचलत असू. भाडे वाटून जाई, भावही बरा मिळे. एका लग्नसराईत मोठ्या गावचा एक दुकानदार आत घेतला. त्याचा गल्ला आम्हा सहांच्या बरोबरीचा. तिसऱ्या खेपेला त्याने गाठी उचलल्या आणि पैसे पुढच्या महिन्यावर ढकलले. आडत्याने उधारी बंद केली ती सगळ्यांचीच. त्याच्याआधी शेजारगावच्या एका लहान दुकानदाराला आम्ही ‘माल कमी उचलतो’ म्हणून परत पाठवले होते. पुढे त्यालाच घेतले. त्याचा वायदा आजवर एकदाही चुकलेला नाही.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनी नवा सभासद घेताना चार गोष्टी पाहाव्यात. जुनी उधारी कशी फेडतो, हे त्याच्या आडत्याला विचारावे. तो आपल्या वाटेवरचा आहे का, हे बघावे. पहिला हंगाम रोखीने चालवावा. आणि कोणी बाहेर पडला तर हिशेब कसा मिटेल, हे आत घेतानाच कागदावर लिहावे. लिहायला संकोच वाटतो, खरे आहे. पण आमच्या सहा दुकानांची साख त्या संकोचानेच गेली होती आणि ती परत मिळवायला दोन लग्नसराया लागल्या.