काडीवरचं सफरचंद

मैत्रिणींनो, इकडे मिशिगनमध्ये ऑक्टोबर लागला की बागांतून सफरचंदं येतात, आणि रविवारच्या मराठी शाळेतली माझी मुलं ‘कॅरॅमल ॲपल’साठी मागे लागतात. गेल्या वर्षी मी केली, तर सगळा पाक घसरून ताटलीत! चूक माझीच. विकतच्या सफरचंदांवर मेणाचा पातळ थर असतो. ती क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून अगदी कोरडी पुसावीत.

सहा लहान, आंबटसर सफरचंदांना काड्या खोचा. मोठ्या, जाड बुडाच्या पातेल्यात साखर व क्रीम दोन-दोन वाट्या, कॉर्न सिरप एक वाटी आणि लोणी अर्धी वाटी मध्यम आचेवर ढवळत राहा. फेस वर येतो, जपा. आपण तिळाच्या लाडवांना करतो तसा गोळीबंद पाक हवा. गार पाण्यात थेंब टाकून पाहा. बुडबुडे विरले की सफरचंदं घोळवून लोणी लावलेल्या कागदावर ठेवा.

आता महत्त्वाचं. ही टेबलावर ठेवून देऊ नका. काडीच्या भोकातून रस पाकाखाली झिरपतो आणि तिथे लिस्टेरिया जंतू वाढू शकतात. २०१४ साली इथे विकतच्या अशा सफरचंदांमुळे साथ आली, ३५ जण आजारी पडले, काही दगावले. त्यांतले ११ आजार गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळांचे होते.

यंदा शेजारच्या सूनबाईला दिवस गेलेत. तिचं सफरचंद मी तिच्यासमोरच करणार, आणि लगेच चिरून देणार. बाकीची फ्रीजमध्ये. तुम्हीही एवढं पाळाच!