सेप्टिक टाकीचे झाकण फरशीखाली का नसावे?

सेप्टिक टाकीत उतरलेले कामगार दगावल्याची बातमी महाराष्ट्राला नवी राहिलेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण संस्थेत तिघांचा मृत्यू झाला. मार्च २०२२ मध्ये पुण्याजवळ कदमवाकवस्ती येथे चौघे, तर मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात पाच जण दगावले. गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना देशभरात पाच वर्षांत ३३९ जणांचा जीव गेल्याचे केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत सांगितले. अशा प्रत्येक घटनेनंतर ठेकेदारावर गुन्हा, वारसांना भरपाई आणि सुरक्षा साधने यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण मैला उपसणारी गाडी आज तालुक्याच्या गावीही मिळत असताना माणूस टाकीत उतरतोच का, हा प्रश्न मागे राहतो. त्याचे उत्तर पुष्कळदा टाकीच्या तोंडापाशीच सापडते.

टाकीचे तोंड बुजते कसे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील शहरी घरांपैकी सुमारे ३८ टक्के घरांची शौचालये सेप्टिक टाकीला जोडलेली होती. भूमिगत गटाराला जोडलेली घरे सुमारे ३३ टक्के होती. म्हणजे शहरांतसुद्धा मैलापाण्याचा मोठा भाग घराच्या आवारातल्या टाकीतच साठतो. गावांत तर गटारयोजना हा अपवादच.

ही टाकी बांधताना गवंडी स्लॅबमध्ये माणूस मावेल एवढे तोंड ठेवतो, त्यावर झाकण बसवतो. पुढे अंगणात माती भरली जाते, तिच्यावर फरशी किंवा पेव्हर ब्लॉक येतात, कुठे पोर्च वाढतो, कुठे स्वयंपाकघर. वास येऊ नये, दिसायला वाईट दिसू नये म्हणून झाकण फरशीखाली गाडले जाते. घर विकले गेले की टाकी नेमकी कुठे आहे, हेही नव्या मालकाला ठाऊक नसते. त्यात ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही’ हे अभिमानाने सांगण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात कधीच न भरणारी टाकी बहुधा तळातून किंवा भिंतींतून पाझरत असते, आणि तो पाझर जवळच्या विहिरीपर्यंत किंवा बोअरपर्यंत पोहोचू शकतो.

सेप्टिक टाकीत तीन थर असतात. वर तेलकट साय, मध्ये तुलनेने स्वच्छ पाणी आणि तळाशी गाळ. मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते, गाळ मात्र साठत राहतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, असे केंद्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तोपर्यंत गाळ पातळ असतो आणि गाडीच्या पाइपातून सहज ओढला जातो. दहा-पंधरा वर्षे हात न लावलेल्या टाकीत तो चिखलासारखा घट्ट बसतो. संडास तुंबल्यावर घाईघाईने फरशी फोडली जाते, घणाने एक भगदाड पाडले जाते. पाइप त्या भगदाडाखालचेच तेवढे ओढतो. दुसऱ्या कप्प्याला तर वाटच नसते. मग उरलेला गाळ काढायला बादली आणि दोरी घेऊन कोणी तरी आत उतरतो. हा ‘कोणी तरी’ कोण असतो, हेही उघड आहे. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत नोंद झालेल्या गटार आणि सेप्टिक टाकी कामगारांत बहुसंख्य अनुसूचित जातींचे आहेत.

आत नेमके काय घडते?

टाकीत मैला हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. बाहेरच्या हवेत २१ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो. बंद टाकीत तो १० टक्क्यांच्या खाली गेला असेल, तर उतरणाऱ्याची शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही.

त्याहून घातक असतो हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भागही नसला, तरी सडक्या अंड्यासारखा वास येतो. मात्र हे प्रमाण १०० भागांच्या घरात गेले, की वास ओळखणाऱ्या नसाच बधिर होतात. वास गेला म्हणजे वायू गेला असा समज होतो आणि माणूस आणखी खाली उतरतो. ५०० ते ७०० भागांना काही मिनिटांत तो कोसळतो, हजारच्या आसपास एक-दोन श्वासही पुरतात. हा वायू पेशींमध्ये ऑक्सिजन वापरणारे विकरच बंद पाडतो. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही मेंदू आणि हृदय गुदमरतात. बेशुद्ध माणूस गाळात तोंडावर पडला, तर मैलापाणी फुप्फुसांत जाते ते वेगळेच.

या बाबतीतले काही जुने समज जीवघेणे आहेत. झाकण तासभर उघडे ठेवले की वायू निघून जातो, हा त्यातला पहिला. मिथेन हलका असतो, पण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी रेंगाळतो. शिवाय तो गाळात आणि पाण्यात विरघळलेला असतो. फावड्याने गाळ हलवताच एकदम मोकळा होतो. त्यामुळे क्षणापूर्वी ठीक वाटलेली टाकी क्षणात प्राणघातक ठरते. दुसरा समज, विहिरीत सोडतात तसा कंदील सोडून पाहण्याचा. ज्योत विझली तर ऑक्सिजन कमी आहे एवढे कळते, विषारी वायू कळत नाही. उलट मिथेन असेल तर भडका उडतो. तिसरा समज तोंडाला बांधलेल्या रुमालाचा. रुमाल काय किंवा करोनाकाळातला एन-९५ मास्क काय, कोणताही वायू अडवत नाही.

एकाच टाकीत तीन-चार जण का जातात, याचेही उत्तर इथेच आहे. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग त्याचा भाऊ किंवा घरमालक. बंदिस्त जागेतील मृतांमध्ये ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात, असे अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ मध्येच नोंदवले होते. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. रुग्णालयात आणेपर्यंत बहुधा तेवढा वेळ उलटलेला असतो. हमखास गुण देणारा उतारा नाही. ऑक्सिजन, कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि आधाराचे उपचार एवढेच हाती असते. वाचलेल्यांपैकी काहींना स्मृती आणि हालचालींचे दोष राहतात. म्हणून या आजाराचा खरा इलाज टाकीच्या बाहेर आहे. आत उतरण्याची गरजच पडू नये, हा तो इलाज.

‘रायझर’ म्हणजे काय?

स्लॅबमधल्या तोंडापासून जमिनीच्या वरपर्यंत आणलेला गळा म्हणजे रायझर. परदेशात तो प्लास्टिकचा तयार मिळतो. आपल्याकडे शोषखड्ड्याला वापरतात तशी सिमेंटची रिंग किंवा विटांचे पक्के बांधकाम आणि त्यावर बिडाचे, काँक्रीटचे किंवा फायबरचे झाकण, एवढ्यावर काम भागते. फरशी न फोडता झाकण उघडता आले की बरेच काही बदलते. काठी घालून गाळ किती साठला ते वरूनच मोजता येते, गाडीचा पाइप थेट गाळापर्यंत पोहोचतो आणि टाकी वेळेवर उपसली जाते. उपशाला अडचण नसली की तो टळत नाही, आणि टळला नाही की गाळ घट्ट होत नाही.

यात नवे काहीच नाही. सेप्टिक टाकीविषयीचे भारतीय मानक, आयएस २४७०, प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र तोंड मागते. गोल असेल तर किमान ५०० मिलिमीटर व्यासाचे, चौकोनी असेल तर ४५५ बाय ६१० मिलिमीटरचे. दोन हजार लिटरहून मोठ्या टाकीला दोन कप्पे असावेत, असेही ते सांगते. प्रत्यक्षात दोन कप्प्यांना मिळून एकच तोंड, तेही गाडलेले, असे चित्र सर्रास दिसते.

बसवताना काय जपावे?

हे काम करतानाच अपघात झाला तर सगळेच व्यर्थ. आधी टाकी जमेल तेवढी गाडीने उपसून घ्यावी. हायड्रोजन सल्फाइडपासून जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते स्लॅबला खालून खाते. जुना स्लॅब वरून धडधाकट दिसला तरी पोकळ झालेला असू शकतो. म्हणून त्यावर गर्दी करू नये, जड सामान ठेवू नये. कटर किंवा ग्राइंडरची ठिणगी मिथेनला पुरते, बिडी-सिगारेटही. तोंडावर वाकून आत डोकावू नये. रिंग बाहेरूनच बसवावी, आतून गिलावा करण्यासाठी कोणालाही उतरवू नये. एकट्याने हे काम करू नये.

गळा जमिनीपेक्षा चार-सहा इंच वर ठेवावा आणि सांधे पक्के बुजवावेत, म्हणजे कोकणातल्यासारख्या पावसातही अंगणातले पाणी आत शिरत नाही. वाहन उभे राहते तिथे वाहनाचे वजन पेलणारे झाकण लागते. सगळ्यात महत्त्वाची ती झाकणाची सुरक्षितता. वर आलेले तोंड उपशाला सोयीचे असते, तसेच ते खेळत्या मुलाला धोक्याचे असते. फुटके किंवा सैल झाकण असलेला रायझर नसलेलाच बरा. झाकण बोल्टने किंवा कुलपाने बंद राहील असे असावे आणि त्याखाली लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे झाकण निघाले तरी मूल आत पडणार नाही. फटी राहिल्या तर घाण पाण्यात वाढणारे, हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डासही तिथूनच ये-जा करतात. म्हणून वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या टोकालाही बारीक जाळी हवी.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोवंडीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये मृतांच्या पत्नींना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. टाकी खासगी संस्थेची होती, म्हणून सरकारची जबाबदारी टळली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही भरपाई ३० लाखांवर नेली आणि माणसाकरवी होणारी अशी सफाई पूर्ण थांबवण्याचे निर्देश दिले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांसाठी बंदीचा स्वतंत्र आदेशही निघाला. ‘नमस्ते’ योजनेतून कामगारांची नोंद, सुरक्षा संच आणि आरोग्य विमा दिला जातो.

हे सगळे उपाय कामगार आणि ठेकेदार यांच्याभोवती फिरतात. टाकी मात्र आहे तशीच राहते. बंदी आली म्हणून फरशीखालचे तोंड वर येत नाही. कामगाराला संच मिळाला तरी अरुंद भगदाडातून तो घालून उतरता येत नाही. ही फट भरून काढणे पालिकांच्या हाती आहे. नव्या घराला भोगवटा प्रमाणपत्र देताना टाकीची दोन्ही तोंडे जमिनीच्या वर आहेत का, हे पाहिले तर पुढचा धोका बांधकामातच टळेल. जुन्या घरांसाठी वाट दाखवणारी गावे राज्यातच आहेत. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे नगर परिषदांनी सुमारे तीन वर्षांच्या फेऱ्याने घरोघरच्या टाक्या उपसण्याचे वेळापत्रक लावले. टाकी तुंबण्याची वाट न पाहता गाडी ठरल्या वेळी दारात येते. अशा फेऱ्यातच झाकण वर आणून घेतले, तर पुढच्या प्रत्येक फेरीचे काम सोपे होईल. अरुंद गल्ल्यांसाठी लहान गाड्या आणि गरीब घरांना रिंग-झाकणासाठी मदत, ही पालिकेची बाजू.

घरमालकाची बाजू त्याहून सोपी आहे. टाकी कुठे आहे, शेवटची कधी उपसली, दोन्ही कप्प्यांना तोंड आहे का, ही माहिती घराच्या कागदपत्रांत असावी. उपशासाठी गाडीच बोलवावी. अनेक शहरांत १४४२० या क्रमांकावर तशी सोय आहे. ‘थोडा गाळ राहिलाय, पोरगा उतरून काढेल’ असे कोणी म्हटले तर तिथेच काम थांबवावे. कोणी आत पडलाच, तर दोरीने बाहेरून ओढता येईल तेवढेच करावे आणि ११२ किंवा १०८ वर फोन करावा, पण त्याच्यामागे उतरू नये. अंगणातल्या फरशीवर खर्च करताना झाकणासाठी दोन फूट जागा सोडणे हा त्यातला अगदी किरकोळ भाग. ती सोडली नाही, तर त्याची किंमत घरमालक मोजत नाही. ती मोजतो टाकीत उतरणारा.