कपाटे मिटली, देव कोठे गेले?

दीपावलीच्या पाडव्याला, अन्नकूटाच्या मुहूर्तावर, गंगोत्रीची कपाटे मिटतात; यमद्वितीयेला केदारनाथ व यमुनोत्री येथील. बदरीनारायणाची पाळी त्यानंतर काही दिवसांनी येते. आपल्या घरी भाऊबिजेची ओवाळणी चाललेली असते त्याच दिवशी यमुनामाई माहेरी, खरसाली गावी उतरते. तिला आणावयास बंधू शनिदेवाची पालखी वर जाते! गंगामाईचे माहेर मुखबा. केदारनाथांची उत्सवमूर्ती डोलीतून उखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरी येते आणि तेथे अक्षय्य तृतीयेच्या सुमारापर्यंत नित्यपूजा अखंड चालते. यात्रा थांबते, उपासना थांबत नाही, हे आमच्या श्रोत्यांना सांगितले की त्यांना नवल वाटते.

हे स्मरण आज करावयाचे कारण असे की, उत्तराखंड सरकारने डिसेंबर 2024 पासून या शीतकालीन गाद्यांच्या यात्रेचा हिरिरीने पुरस्कार चालविला आहे. 6 मार्च 2025 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मुखब्यास गंगेचे दर्शन घेऊन पर्यटन बारमाही व्हावे, असे सांगितले. हेतू उघड आहे. खेचरवाला, चहावाला, धर्मशाळेचा रखवालदार यांचे पोट सहा महिन्यांच्या मिळकतीवर वर्षभर भरत नाही. तरुण गाव सोडून मैदानी शहरांत जातात आणि घरांना कुलुपे लागतात.

देव वर्षभर कामाला जुंपले, असा आक्षेप काही धर्मनिष्ठ घेतील. आम्हांस तो मान्य नाही. वरची कपाटे कोणी उघडीत नाही. देव जेथे उतरले तेथे भक्ताने जावे, एवढेच मागणे आहे. शिवाय केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून उंच, तर उखीमठ आपल्या महाबळेश्वराएवढ्याच उंचीवर. ज्या वृद्ध मातापित्यांना विरळ हवेत धाप लागते, त्यांना हे दर्शन सुखाचे. आपल्याकडे मात्र मुलांच्या शाळा सुटल्या की मे महिन्यातच सारे यात्रेला निघतात आणि रांगेत अर्धा दिवस उभे राहून अर्धा क्षण दर्शन घेतात.

आमची शंका निराळी आहे. उन्हाळ्यातील गर्दी हिवाळ्यात वाटली गेली तर उत्तम. पण उन्हाळ्याची तशीच ठेवून हिवाळ्याची तीवर चढविली तर? जून 2013 मध्ये केदारखंडात काय झाले ते आपण जाणतो. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठाच्या शेकडो घरांना तडे गेले, आणि शंकराचार्यांची गादी शीतकाळी येते ती याच गावी. 5 ऑगस्ट 2025 रोजी खीरगंगेच्या लोंढ्याने धराली गाव गाडले; मुखबा त्याच्या समोरच्याच तीरावर उभे आहे. धरालीत हॉटेले उभी होती ती ओढ्याने पूर्वी आणून टाकलेल्या गाळावर. आता हिवाळी यात्रेकरूंसाठी नवी बांधकामे होतील, ती कोठे व किती, हा प्रश्न मुहूर्तापेक्षा महत्त्वाचा आहे.

सहा मासांची ती विश्रांती देवांप्रमाणे डोंगरालाही मिळत होती. म्हणून वर किती जणांना सोडावयाचे याची मर्यादा आधी कठोरपणे पाळावी, आणि खाली नव्या इमारतींपेक्षा गावकऱ्यांच्या घरांतच पाहुण्यांची सोय व्हावी. माहेरवाशिणीला भेटावयास जाणाऱ्याने तिच्या घरच्यांकडे उतरावे, हाच आपला रिवाज. मार्गशीर्षात निघणाऱ्यांनी लोकरीची वस्त्रे पुरेशी घ्यावीत. खरसालीस व मुखब्यास बर्फ पडते आणि वाट कधीकधी बंद होते.