दम लागतो, म्हणून भजन बंद?

महिला मंडळाच्या कामासाठी अकोले-संगमनेरकडच्या वाड्यांवर फिरताना एक गोष्ट नेहमी खटकते. घरातल्या बाईला दम लागू लागला की आधी तिचं भजन बंद होतं, मग रांगोळी. चूल मात्र चालूच! सिलिंडर महाग, म्हणून पाणी तापवायला, भाकरीला सरपणच.

"मी विडीला कधी हात लावला नाही, मग मला कसं हे?" असं बायका विचारतात. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण.

आजार पूर्ण बरा होत नाही, खरं आहे. पण डॉक्टरांनी दिलेला पंप नियमित घेऊन छंद जपता येतो. गोधडी बसून शिवता येते. रांगोळीची पूड नाकात जाते, तर पाटाशी बसून फुलांची काढा. भजनात लांब तान दुसरीला घेऊ द्या, धृपद आपण म्हणावं. धाप लागलीच तर नाकाने श्वास घ्यायचा आणि चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. मैत्रिणींनो, भजनाला बसताना धूप-उदबत्ती तेवढी लांब लावायला सांगा. देव काही रागावत नाही. आणि मुलाला म्हणावं, संध्याकाळी आईला गाडीवरून देवळात सोडून ये.