पाय कापायला पैसा आहे, पाय राखायला का नाही?



सरकारी आरोग्य विम्याचा हिशेब एकदा मधुमेह झालेल्या कामगाराच्या पायाजवळ बसून तपासून पाहा. २३ सप्टेंबर २०१८ रोजी मोठ्या गाजावाजात 'आयुष्मान भारत' योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. त्यात शस्त्रक्रिया आहे, भरती आहे, पाय कापणेही आहे. पण पाय कापावा लागू नये म्हणून जे करावे लागते त्यातले जवळजवळ काहीच नाही. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी नाही, दर दोन दिवसांचे ड्रेसिंग नाही, खास चप्पल नाही. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढीच मुदत. मधुमेह्याच्या तळव्याची जखम भरायला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. सोळाव्या दिवशी जखम उघडी असते आणि विमा मिटलेला असतो!

हा प्रश्न आपल्याशी संबंधित नाही असे म्हणणाऱ्याने जबलपूरकडे पाहावे. १८७० साली मुंबईकडून आलेला जी.आय.पी.चा रूळ इथेच अलाहाबादकडून आलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेच्या रुळाला मिळाला आणि मुंबई-कलकत्ता मार्ग सलग झाला. तो मार्ग आजही माणसाच्या पायांवर उभा आहे. की-मॅन रोज आपली बीट गिट्टीवरून पायी तपासतो. पॉइंट्समन यार्डात उभा असतो. आर.एम.एस.चा सॉर्टर रात्रपाळी उभ्याने काढतो. पोस्टमन मे महिन्याच्या उन्हात गल्ल्या तुडवतो. पाळ्यांची नोकरी, वेळी-अवेळी जेवण आणि अपुरी झोप असल्यावर मधुमेह घरात शिरायला वेळ लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांत पायावर पोट असलेला माणूस सर्वांत आधी भरडला जातो.

मधुमेहात पाय कसा जातो हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सारी मागणी त्यावरच उभी आहे. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. बुटात खडा गेला तरी कळत नाही, माणूस त्याच खड्यावर पाळी पुरी करतो. दुखत नाही म्हणून घरी आल्यावर पाहतही नाही. रक्तपुरवठा आधीच कमी झालेला, त्यामुळे जखम भरत नाही, ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि शेवटी गँगरीन! मधुमेह्यांचे जे पाय कापले जातात त्यांतल्या सुमारे ८५ टक्के पायांवर आधी एक जखमच झालेली असते. म्हणजे मधे वेळ असतो. हा वेळ वाया का जातो, एवढाच आपला सवाल आहे.

तो वाया जाऊ नये म्हणून लागणारी साधने महाग नाहीत. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवला की बधिरपणा कळतो. घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी बोटांनी तपासता येते. कुरूप वेळेवर काढणे, भेगांची निगा, जखम झाल्यावर त्या पायावरचा भार काढणे आणि मऊ तळाची चप्पल, एवढ्यावर कितीतरी पाय वाचतात. यासाठी परदेशी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित परिचारिका लागते आणि तिला वेळ द्यावा लागतो.

सरकारला हे ठाऊक नाही असे कोणी सांगू नये. कुष्ठरोगातही नसा बधिर होतात आणि पाय असाच जातो. म्हणून राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमातून रुग्णाला एम.सी.आर. रबराची चप्पल फुकट दिली जाते. वर्ध्याजवळच्या दत्तपूरने आणि वरोऱ्याच्या आनंदवनाने बधिर पायाची काळजी म्हणजे काय ते मराठी मुलखाला दाखवून दिले. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत तीच शिकवण मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरली. पाय तोच, बधिरपणा तोच, रबरही तेच. मग एकाला चप्पल हक्काने आणि दुसऱ्याला दुकानातून, हा न्याय कुठला?

बाहेरचा अनुभव हेच सांगतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १९८१ साली पायांचा स्वतंत्र दवाखाना निघाला आणि काही वर्षांतच तिथली मोठी पायकापणी निम्म्याच्या आसपास आली. १९८९ साली इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथे युरोपातील देशांनी पाय कापण्याचे प्रमाण निम्मे करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. खाजगी विम्याचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत १९९३ पासून सरकारी मेडिकेअर जोखमीच्या पायासाठी वर्षाला एक जोड खास बूट आणि आतले तीन जोड तळवे देते. आपल्याकडे नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात 'स्टेप बाय स्टेप' उपक्रमातून डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना हेच काम शिकवले. नागपूर जबलपूरपासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. ज्ञान जवळ आहे, तरतूद दूर आहे!

आता आपापल्या खात्याकडे पाहू. रेल्वेत दृष्टीसाठी ए-वन, ए-टू असे वर्ग आहेत. 'ए' वर्गातल्या कामगाराची पी.एम.ई. ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी आणि ५५ नंतर दरवर्षी होते. डोळ्यांवर गाडीची सुरक्षा अवलंबून म्हणून डोळे पाहिले जातात, ते योग्यच आहे. पायासाठी असा वर्ग नाही, कारण पायावर फक्त कामगाराचे घर अवलंबून असते!

निवृत्तांची कथा आणखी वाईट. १ डिसेंबर १९९७ पासून केंद्रीय पेन्शनरांना वैद्यकीय भत्ता सुरू झाला, महिना १०० रुपये. तो वाढत वाढत १ जुलै २०१७ पासून १,००० झाला. रेल्वे दवाखान्यापासून अडीच किलोमीटरच्या पलीकडे राहणारा पेन्शनर हा भत्ता घेतो तेव्हा त्याला बाह्यरुग्ण सेवा सोडावी लागते. पण पाय वाचतो तो बाह्यरुग्ण विभागातच! सी.जी.एच.एस.च्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या टपाल पेन्शनरानेही याच हजारात डॉक्टर, औषध, ड्रेसिंग आणि चप्पल भागवायची आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान खुले झाले. मात्र सी.जी.एच.एस. असलेल्याला दोहोंतून एकच निवडावे लागते. ज्येष्ठांनी हा फरक समजून घ्यावा. ५ लाखांचा आकडा पाहून बाह्यरुग्ण सेवेचे कार्ड सोडून देऊ नये.

आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचे काय? देशात अडीच लाखांच्या आसपास ग्रामीण डाक सेवक आहेत. त्यांना केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वैद्यकीय नियम लागू नाहीत. आशा आणि अंगणवाडी सेविकांना २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आयुष्मानमध्ये घेण्याची घोषणा झाली, ते स्वागतार्हच आहे. पण डाक सेवक असो की रुळावरचा ठेकेदारी कामगार असो, त्याच्या पायाला संरक्षण हे त्याच्या कामामुळे मिळाले पाहिजे, कुठल्यातरी यादीत नाव सापडले तर नव्हे.

यावर आक्षेप घेतले जातात. पहिला असा की मधुमेह हा ज्याच्या त्याच्या सवयींचा आजार, त्याचा भार सरकारी तिजोरीवर कशाला? रात्रपाळीचे वेळापत्रक कामगाराने लावलेले नसते आणि गिट्टीही त्याने पसरलेली नसते. शिवाय पाय कापण्याचा भार ही तिजोरी आजही उचलतेच, तेव्हा तिला सवयी आठवत नाहीत. दुसरा आक्षेप असा की बाह्यरुग्ण सेवा विम्यात घेतली तर खोट्या बिलांचा पूर येईल. खोटी बिले भरतीच्या योजनांतही निघाली म्हणून कोणी शस्त्रक्रिया बंद केल्या नाहीत. वर्षाला एक तपासणी, दोन जोड चप्पल आणि जखमेच्या नोंदीनुसार ड्रेसिंग यांचा हिशेब ठेवणे अवघड नाही. तिसरा आक्षेप पैशांचा. एक चप्पल काही शे रुपयांची आणि पाय गेल्यावरचा खर्च जन्माचा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्याने नोकरीत अपंगत्व आलेल्या कामगाराला काढता येत नाही, गरज पडल्यास अतिरिक्त पद निर्माण करून त्याच पगारावर ठेवावे लागते. हा हक्क चळवळीने जपलाच पाहिजे. पण त्या कामगाराला जादा पदावर बसवण्यापेक्षा त्याला त्याच्या दोन पायांवर ठेवणे प्रशासनालाच स्वस्त पडते. आणि ठेकेदारी कामगाराला ते जादा पदही कोणी देत नाही, हे विसरू नका.

म्हणून आपल्या मागण्या अशा असल्या पाहिजेत :

१) मधुमेह असलेल्या प्रत्येक कामगाराची व पेन्शनराची वर्षातून एकदा पायतपासणी व्हावी. रेल्वेत ती पी.एम.ई.वर न थांबता हेल्थ युनिटमध्ये, टपाल खात्यात सी.जी.एच.एस.च्या केंद्रात व्हावी.

२) बधिर पायाला वर्षाला दोन जोड एम.सी.आर. चप्पल किंवा बूट हक्काने मिळावेत, भत्त्यातून नव्हे.

३) आयुष्मानमधील १५ दिवसांची मुदत मधुमेही जखमेसाठी रद्द करून जखम भरेपर्यंत ड्रेसिंग योजनेत घ्यावे.

४) प्रत्येक विभागीय रेल्वे रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पायांचा दवाखाना असावा, त्यात प्रशिक्षित परिचारिका असावी.

५) ग्रामीण डाक सेवक व ठेकेदारी कामगार यांना वरील सर्व लागू व्हावे.

६) वैद्यकीय भत्ता घेणाऱ्या पेन्शनराला पायाच्या जखमेसाठी बाह्यरुग्ण सेवा खुली ठेवावी.

पहिली आणि चौथी मागणी शाखेने विभागीय पी.एन.एम.च्या विषयपत्रिकेवर आजच घालावी. त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहायचे कारण नाही. बाकीच्या जे.सी.एम.च्या राष्ट्रीय परिषदेपर्यंत रेटायच्या आहेत. तिथे भावना चालत नाहीत, नोंदी चालतात. प्रत्येक शाखेने आपल्या सभासदांपैकी किती जणांना मधुमेह आहे, किती जणांचे पाय गेल्या वर्षभरात कोणी तपासले, किती जणांना बोट किंवा पाय गमवावा लागला याची नावे न छापता यादी करावी. ती यादी हेच आपले मागणीपत्र.

आणि तोवर प्रत्येकाने पाळी संपल्यावर बूट काढून तळवे पाहावेत, दिसत नसतील तर घरच्यांना दाखवावेत, बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा. हे आपले काम आहे आणि ते आपण करू. सरकारचे काम मात्र सरकारकडून करवून घेतल्याशिवाय थांबू नका!